दोरीवरची जर्सी

अहो वहिनी! अहो, ऐकलंत का? या ना जरा भिंतीकडं. कधी आलात पुण्याहून, सकाळच्या गाडीनं? लेक बरी ना? नातवाला दात आले? बरं बरं, ते सगळं मी निवांत ऐकणार आहे, पण आधी तुम्ही ऐका. चहा मागनं. आणि असं समोर बघू नका हो! मान वळवायची नाही, नुसती नजर टाका. मावशींच्या दोरीवर काय आहे? काकांचा सदरा, दोन टॉवेल, उशीचे अभ्रे. झालं बघून? आता ऐका. सोमवारी सकाळी त्याच दोरीवर, त्या सदऱ्याच्या आणि अभ्र्यांच्या मधे, एक जर्सी वाळत होती. फुटबॉलची. आणि आपल्या तालमीची नव्हे हं...

त्यांची!

हो. काकांच्या घरात! पोरानं त्यांच्या तालमीच्या रंगाचा आकाशकंदील आणला म्हणून ऐन दिवाळीत त्याला परत दुकानात पिटाळणारे काका, त्यांच्या दोरीवर! माझ्या हातातली बादली खाली राहिली. दोन दिवस पोटात ठेवलंय मी हे. म्हणजे कोपऱ्यावरच्या काकूंना जर्सीचं तेवढं बोलले, आणि भाजीवालीनं स्वतःच विचारलं म्हणून तिला... पण सगळं नाही हं. सगळं तुमच्यासाठी राखून ठेवलंय.

फायनल आपण जिंकलो हे तर कळलंच असेल तुम्हाला. टायब्रेकरला, चार-तीन. तुमच्या ह्यांनी तिकडं मोबाईलवर लाइव्ह बघितली म्हणे, आणि जावयाच्या सोफ्यावर उभे राहिले म्हणे. खरं का? असू दे हो, लाजताय काय. आमचे हे तर बीपीची गोळी खिशात घेऊन गेले होते, आणि गोलच्या वेळी ती गोळी शेजारच्याच्या डोक्यात उडाली.

तर काय सांगत होते... जर्सी. पण जर्सीचं कळायचं तर सूनबाईचं आधी सांगायला हवं.

आपली गल्ली म्हणजे सरहद्दच की हो. ह्या टोकाला आपल्या तालमीचा फलक, त्या टोकाच्या चौकात त्यांचा. ह्या दोन तालमींची नावं मी घेत नाही, भिंतीला कान असतात आणि आपल्या भिंतीला तर वरनं माडीसुद्धा आहे. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही इथल्याच. मी वाईची. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मला कुठं काय ठाऊक? सासूबाई म्हणाल्या, 'आज पाटाकडीलची मॅच आहे, लवकर जेवून घ्या.' मला वाटलं, पाट मांडून जेवायला बसायची काहीतरी रीत असेल. दिलबहार म्हटल्यावर मला वाटलं अत्तराचं दुकान. बालगोपाल म्हणजे अंगणवाडी, संध्यामठ म्हणजे संन्यासी, आणि प्रॅक्टिस क्लबचं तर मी विचारलं होतं, 'नुसती प्रॅक्टिसच करतात का, मॅच कधी खेळतात?' सासरे तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आणि बायका म्हणायच्या, 'मी जातो गं, मी जेवलो गं,' मी मागं वळून बघायची, कुठला पुरुष बोलला म्हणून! आता तीस वर्षं झाली, तरी मी आपली 'जाते' आणि 'येते'च म्हणते. पण फुटबॉलचं मात्र रक्तात भिनलं बाई. लीगच्या सोळा टीमा झोपेत विचारा.

तर सूनबाई. मावशींच्या थोरल्याची बायको हो, मागच्या वैशाखात आली ती. पोरगी गुणी. पत्रिका बघितली तेव्हा छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले, सगळे खूश. बैठकीत काकांनी सुपारी हातात घेतली आणि सहज विचारलं, 'तालीम कुठली तुमची?' मुलीच्या वडलांनी सांगितलं. सुपारी तशीच हातात! मावशी म्हणतात, दोन मिनिटं पंख्याचा आवाज ऐकू येत होता नुसता. वर मुलीचा धाकटा भाऊ त्यांच्या टीममधे खेळतो, बॅकला. म्हणजे गुण अठ्ठावीस, पण तालमीचे शून्य. शेवटी थोरला म्हणाला, 'दादा, मी बायको करतोय, ट्रान्सफर नाही.' तेव्हा कुठं साखरपुडा झाला.

आणि वर्षभर सगळं छान चाललं होतं हो. सूनबाई काही बोलायची नाही, काका तिच्यासमोर मुद्दाम स्कोअर वाचायचे, पण त्यात प्रेमच जास्त. फायनल कुणाकुणाची ठरली ते कळलं आणि घरात चमच्यांचा आवाज वाढला. आठवडाभर गल्लीत फ्लेक्सच फ्लेक्स. आपल्यांनी लावला, 'नाद करायचा नाय.' दुसऱ्या दिवशी त्या टोकाला त्यांचा, दोन फूट मोठा. तिसऱ्या दिवशी आपला, लाइटिंगसकट. शनिवारी रात्री तालमीत मारुतीपुढं नारळ फुटला, जर्सींना हळद-कुंकू वाहिलं. त्याच मारुतीपुढं आपला गणपती बसतो, त्याच तालमीत मोहरमचे पंजे बसतात, आणि मॅचच्या आदल्या रात्री बुटांचे जोड.

रविवारी मॅच चारला. आम्ही बायका तीनलाच निघालो. मी, मावशी, कोपऱ्यावरच्या काकू, आणि सूनबाई. मावशींनी निघायच्या आधी मटण घातलं होतं शिजायला, तांबडा-पांढरा दोन्ही, म्हणाल्या, 'जिंकून येऊन पातेलं उघडायचं.' मी म्हटलं, 'आणि हरलो तर?' तर माझ्याकडं असं बघितलं की मी चपला शोधायला लागले. सूनबाईनं काय नेसावं? आपल्या रंगाची साडी नेसली तर माहेरचे बघतील, त्यांच्या रंगाची नेसली तर सासू. बिचारी करड्या रंगाचा ड्रेस घालून आली. रेफ्रीच दिसत होती!

स्टेडियम काय भरलं होतं म्हणून सांगू. एका अंगाला आपले, दुसऱ्या अंगाला ते, मधे पोलीस. हलगी, घुमकं, शिट्ट्या. काका पॅव्हेलियनकडं त्यांच्या जुन्या कंपूत. तिथं त्यांची एकच टेप. 'इथं रावणेश्वराचं तळं होतं. तळं बुजलं आणि माणसं बुडायला लागली.' मग, 'आमच्या वेळेला मैदानावर गवत नव्हतं, गुडघे फुटायचे, चामड्याचा बॉल पावसात दगडाएवढा व्हायचा.' मग गाडी शाहू महाराजांवर. '१९१२ला महाराजांनी खासबाग उभं केलं, पेठापेठांत तालमी जागत्या ठेवल्या, लाल माती, जोर-बैठका, दूध. त्याच मातीतली पोरं बॉलमागं लागली, म्हणून आपल्याकडचा बॅक अजून अंगावर घेताना पट काढल्यासारखा घेतो.' हे मात्र खरं हो. खांदा लागला की ऐकू येतो गॅलरीत.

पहिल्या हाफला आपण गोल मारला. मारला कुणी? आपल्या मागच्या बोळातला तो लांब केसांचा पोरगा! दिवसा पार्सलं पोचवतो तो. आई त्याची नेहमी म्हणायची, 'चेंडू लाथाडून कुणाचं पोट भरलंय?' मग २०१७ साली अनिकेत जाधव भारताकडून सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला ना, आपल्या कोल्हापूरचा पोरगा, दिल्लीला, अमेरिकेसमोर! आठवतं? आपण गल्लीत टीव्ही बाहेर काढला होता. हरलो तीन-शून्यनं, पण त्या रात्रीपासनं ह्या आईची भाषा बदलली. आता पोराला सकाळी चार अंडी. तर त्या पोरानं डावीकडनं घुसून असा कोपऱ्यात बॉल ठेवला... मी उडी मारली ती काकूंच्या पायावर. मावशी तर कुणा अनोळखी बाईला मिठी मारून मोकळ्या. आणि सूनबाई? दोन बोटांनी टाळ्या वाजवत होती, देवळात भजनाला वाजवतात तशा. तोंडावर हसू, पण ते आपलं फोटोतलं.

एक शून्य. हाफ टाइमला मावशींनी भडंगाची पुडी सोडली, तिला पहिली मूठ दिली आणि वर म्हणाल्या, 'खा गं, तुझ्या भावाला काय जमंना झालंय आज.' काय गरज होती? पण मावशींचं तोंड म्हणजे...

दुसऱ्या हाफला आभाळ आलं. वळवाचे टपोरे थेंब, मातीचा वास, छत्र्या कुणाकडंच नाहीत. आपले सगळे मागं येऊन डिफेन्सला बसले. काका तिकडनं ओरडताहेत, 'वर जावा रं, वर जावा!' कोण ऐकतंय. दहा-बारा मिनिटं राहिली असतील, त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल वर आला, गर्दीतनं एक डोकं सगळ्यांच्या वर उठलं, आणि धाडकन जाळीत!

आणि त्याच क्षणी माझ्या कानाशी किंचाळी, 'बाळ्याऽऽ! आमचा बाळ्याऽऽ!'

सूनबाई! खुर्चीवर उभी! ओढणी हातात, गरागरा फिरवतेय! आणि आजूबाजूला चारशे माणसं आपल्या पेठेची, सगळी गप्प. एकेक मुंडकं वळायला लागलं. अहो, मी मावशींच्या तोंडाकडं बघितलं. भडंगाचा घास तोंडात तसाच. लाल झाल्या, पांढऱ्या झाल्या. पातेल्यातले दोन्ही रस्से चेहऱ्यावर आले म्हणा ना! सूनबाईला मग कळलं आपण कुठं उभ्या आहोत. हळूच बसली. ओढणीची घडी घातली. परत उलगडली, परत घातली. मागनं एक पोरगं म्हणालं, 'वहिनी, ह्या साइडला चुकून आलाय काय?' तर मावशी गर्रकन वळल्या. म्हणाल्या, 'ए, सून आहे माझी. भावानं गोल मारल्यावर ओरडायचं नाही तर काय भाकरी थापायच्या?' पोरगं गार! आणि लगेच तिच्याकडं वळून, दातओठ खाऊन, 'पण आता परत नको हं.'

एक-एक. शिट्टी झाली, टायब्रेकर. मला टायब्रेकर बघवत नाही हो. मी पदराच्या आडनं बघते. पाच-पाच किका. आपला पहिला आत, त्यांचा पहिला आत. दुसऱ्या दोन्ही आत. आपला तिसरा त्यांच्या कीपरनं अडवला, आणि त्या अंगाला हलगी अशी कडकडली! पण त्यांचाही तिसरा आपल्या कीपरनं हातानं बाहेर काढला. चौथ्या दोन्ही आत. आपली पाचवी आत. चार-तीन. आता त्यांची पाचवी. ती गेली तर सडनडेथ, नाही गेली तर कप आपला.

आणि बॉल घेऊन कोण चाललंय? बाळ्या.

मी सांगते वहिनी, त्या वेळेला मी मॅच बघितलीच नाही. मी सूनबाईचा हात बघत होते. मावशींच्या दंडाला धरला होता तिनं, पार नखं रुतेपर्यंत. आणि मावशी ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या. मला वाटलं मारुतीस्तोत्र. नंतर विचारलं, तर म्हणाल्या, 'मी काय म्हणत होतो मलाच म्हाईत नाही. जाऊ दे आत म्हणत होतो का जाऊ दे बाहेर.'

पावसानं तो ठिपका चिखल झालेला. पोरानं बॉल ठेवला, चार पावलं मागं गेला, धावत आला, आणि डावा पाय सरकला हो. एवढासाच. बॉल बारवरनं थेट गॅलरीत.

पुढं काय झालं ते तुम्ही मोबाईलवर बघितलंच असेल. गुलाल, नाच, कप. मोबाईलवर दिसलं नसेल ते सांगते. पोरगा तिथंच बसला, ठिपक्यावर. पावसात. त्याच्या टीममधलं एक जण येऊन काहीतरी बोलून गेलं, दुसरं न बोलताच गेलं. त्या अंगाची गॅलरी अशी रिकामी झाली, सतरंजी झटकावी तशी. सूनबाई हूं की चूं नाही. घरी येईपर्यंत मावशी तिच्याशी बोलत होत्या, पण कशाबद्दल? गॅस संपत आलाय, दूधवाला पाणी घालतो... फुटबॉल सोडून सगळं.

आता खरी गंमत. रात्री अकरा वाजले असतील. मी गच्चीवर गेले होते, कपडे काढायला. अकराला कपडे काढत नाहीत का कुणी? पाऊस झाला होता ना! तर मागच्या बोळातनं एक जण आला. गाडी लांब लावून चालत, डोक्यावर हेल्मेट तसंच. मला वाटलं चोर. मावशींच्या मागच्या दाराशी उभा राहिला, कडी वाजवायला हात वर केला, खाली घेतला. परत वर, परत खाली. तेवढ्यात दारच उघडलं. आणि दारात काका! कपाळभर गुलाल, आपल्या तालमीचा फेटा!

पोरानं हेल्मेट काढलं. तोच, बाळ्या. अंगावर तीच जर्सी, चिखलानं भरलेली. म्हणाला, 'दाजींचे वडील... काका... अक्का आहे का? घराकडं जायला नको वाटायलंय.'

अहो, मी श्वास धरला. काका बघताहेत त्याच्याकडं. किती वेळ! तो बघतोय खाली. आणि काका म्हणतात, 'बूट बाहेर काढ. मटण गार व्हायलंय.'

बास. एवढंच.

म्हणजे बघा, ज्याच्या चुकीनं ते पातेलं उघडलं, त्यालाच पहिलं ताट! आपल्या विजयाचं मटण त्यांच्या बॅकला! पुढचं मला मावशींनीच सांगितलं, मंगळवारी. मी काही विचारलं नव्हतं हं, मी नुसतं म्हटलं, 'दोरी आज मोकळी दिसतेय?' तर सगळं भडाभडा बोलल्या. पोराच्या गळ्याखाली घास उतरेना. सूनबाई समोर बसून डोळे पुसतेय, थोरला पाणी देतोय. काका पांढरा रस्सा ओरपत म्हणाले, 'काळजी करू नको. उद्या चौकात तुझा फोटो लावतो मी. दहा बाय पंधरा. खाली लिहितो, आमच्या विजयाचे शिल्पकार.' सगळे थिजले. मावशींना वाटलं, आता हा ताटावरनं उठणार. आणि पोरगं हसलं! तोंडात घास असताना असं हसलं की ठसका लागला. मग दोन वाट्या रस्सा आणि पाच भाकरी. काका म्हणाले, 'दम आहे पोरात. पाय का सरकला सांग. डावा आधी रोवायचा, टाच चिखलात मारून.' आणि बाराच्या ठोक्याला दोघं स्वयंपाकघरात पेनल्टी मारून बघताहेत, लसणाच्या गड्ड्यानं.

थांबा, थांबा. मधलं राहिलंच की! तर काय सांगत होते... काका त्याला 'बूट बाहेर काढ' म्हणाले ना? त्यानं काढले. पण ते मागच्या दारात राहिले नाहीत हो. आत घेतल्यावर सूनबाईनं ते पुढच्या दाराशी नेऊन ठेवले, सवयीनं, सगळ्यांच्या चपलांत. चिखलानं भरलेले, खाली खुंट्याचे, फुटबॉलचे. आणि साडेअकराला मिरवणूक आली आपल्या गल्लीत!

हलगी, गुलाल, कप ट्रॅक्टरवर, गाड्यांच्या पुंगळ्या काढलेल्या. दारोदार बायका ओवाळत होत्या. मीही ओवाळलं. मग मावशींच्या दाराशी आली. पोरं ओरडताहेत, 'मावशी, ओवाळा की!' मावशी ताट घेऊन बाहेर आल्या, दार मागं अर्धं ओढून घेतलेलं, स्वयंपाकघरातला लाइट गेलेला. गेलेला कसला, घालवलेला! मावशींच्या हातातलं निरांजन नुसतं थरथरतंय. मला तर सगळं माहीत, मी गॅलरीत कठड्याला चिकटून. त्यात कुणीतरी टवाळ ओरडला, 'मावशी, त्या पाचव्या पेनल्टीवाल्याला पण ओवाळा, त्याच्यामुळं कप आलाय!' आणि सगळी गल्ली हसली हो. तो दाराच्या आत, भाकरी हातात.

मावशी म्हणाल्या, 'ओवाळीन की. कुणाचं तरी लेकरूच आहे.'

आणि तेवढ्यात आपल्या टीमचा कॅप्टन ओवाळून घ्यायला पुढं आला. वाकला, मावशींच्या पाया पडला. वाकल्या वाकल्या त्याचं लक्ष चपलांकडं गेलं. मी वरनं बघत होते ना, मला स्पष्ट दिसलं. बूट त्यानं ओळखले. खेळणाऱ्याला खेळणाऱ्याचे बूट कळतात, दुपारभर पायाला तेच लागले होते त्याच्या. तो वाकलेलाच राहिला क्षणभर. मग सरळ उभा राहिला, मावशींच्या डोळ्यांत बघितलं. मावशींचा चेहरा... काय सांगू, ऑफसाइडचा झेंडा वर गेल्यावर होतो तसा.

आणि त्यानं काय करावं? मागं वळला, हात वर केला, म्हणाला, 'ए, हलगी बंद! चला पुढं. हितं म्हातारी माणसं झोपल्यात.' आणि चालता चालता पायानं, अगदी सहज, ते बूट दाराच्या फटीतनं आत सारले. इतका हळुवार पास मी अख्ख्या मॅचमधे बघितला नाही हो.

कुणाला कळलं नाही. दारात गुलाल सांडलेला तेवढा राहिला. काका म्हातारे झाले म्हटलेलं काकांना मात्र लागलं, सकाळी चिडले होते, 'झोपलोय कोण म्हणतो?'

तर सोमवारी ती जर्सी दोरीवर. मावशींनी रात्रीच भिजत घातली, साबणाच्या दोन वड्या संपवल्या. वाळत घातली उलटी करून, नंबर आतल्या अंगाला. मी विचारलं तर म्हणाल्या, 'रंग जाऊ नये म्हणून.' मी म्हटलं, बरोबर आहे. पण रंग कसा लपणार? आणि वारा सुटला की नंबर दिसायचाच. कोपऱ्यावरच्या काकूंनी बघितला, भाजीवालीनं बघितला. काकू म्हणाल्या, 'पायपुसणं करायला आणली असेल, जिंकल्याची आठवण.' मी गप्प बसले. बघा, गप्प बसता येतं मला.

आणि काल दुपारी पोराच्या आईकडनं डबा आला, सांज्याच्या पोळ्यांचा. वर्षभरात पहिल्यांदा. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसता डबा. आता डबा काही रिकामा परत पाठवायचा नसतो. मावशींनी भडंग भरलं. आणि पिशवीत खाली जर्सी. इस्त्रीला कोपऱ्यावर द्यायची सोय नाही, तो इस्त्रीवाला म्हणजे चालतं-बोलतं वर्तमानपत्र. म्हणून केली कुणी इस्त्री? काकांनी! स्वतःच्या रुमालाला कधी हात न लावलेला माणूस! टेबलावर चादर अंथरून, जर्सी उलटी करून, नंबरावर इस्त्री लागू नये म्हणून जपून जपून. मावशी म्हणाल्या, 'सरळ करून मारा की.' तर म्हणाले, 'तुला काय कळतंय, नंबर चिकटतो. आमच्या टीमचा नसला म्हणून काय, नंबर आहे तो.' आणि घडी घालताना पुटपुटले म्हणे, 'पुढच्या सीझनला हाच पोरगा आपल्याला नडणार आहे.'

पण वहिनी, एक सांगते. त्या कॅप्टननं कुणाला काही सांगितलेलं नाही. चोवीस वर्षांचं पोर, पण आपल्या टीममधल्यालाही नाही. तालमीत अजून सगळे विचारताहेत, बाळ्या त्या रात्री गेला कुठं, आणि हा बुटांच्या नाड्या बांधत बसतो. म्हणून तुम्हीपण पोटात ठेवा हं. मी तर बाई फक्त तुम्हालाच...

अगंबाई, सूनबाई येतेय. इकडंच. डबा दिसतोय हातात, परत काहीतरी आलं वाटतं तिकडनं. वहिनी, हसू नका! नातवाचं काहीतरी बोला, बोला पटकन...

'काय गं, ये ये! हे आपलं वहिनींच्या नातवाच्या दातांचं चाललं होतं.'